'गावकरी' म्हणजे नेमके कोण? सामायिक जमिनीच्या मालकीची जुनी फिर्याद

कोल्हापूर-साताऱ्याकडच्या माणसाला 'गावकरी' हा शब्द विचारला, तर तो सहज सांगेल की गावात ज्याची चूल पेटते तो गावकरी. त्याला शेत असो वा नसो, तो पिढ्यान्‌पिढ्या राहत असो वा काल आलेला असो, शब्दाला त्याचे सोयरसुतक नाही. चोर्ला घाट उतरून गोमंतकात शिरावे, तर तोच शब्द आखडतो. तेथे 'गावकार' म्हणजे ज्या मूळ घराण्यांनी गाव वसविला त्यांचा पुरुषवंशज, आणि 'गावकरी' म्हणजे अशा गावकारांची सामायिक संस्था. पोर्तुगीजांनी जिला 'कोमुनिदाद' म्हटले ती. घाटमाथ्यावर, सावंतवाडी तालुक्यातील आंबोली, चौकुळ आणि गेळे ह्या गावांत हाच शब्द 'कबुलायतदार गावकर' असा जोडनावाने येतो, आणि त्याला तिसराच अर्थ चिकटतो.

एका शब्दाचे हे तीन अर्थ भाषेच्या अभ्यासकाला गमतीचे वाटतील. आम्हां सीमाभागातील लोकांना मात्र त्यांच्याकडे गंमत म्हणून पाहता येत नाही, कारण ह्या अर्थांवर डोंगर, कुरणे, तळी, खाजने आणि माळराने कोणाच्या नावावर लागली हे ठरले आहे. जी जमीन एकट्या कोणाची नाही, ती सगळ्यांची की सरकारची? सगळ्यांची असेल, तर 'सगळे' म्हणजे कोण? ह्या प्रश्नाची लेखी फिर्याद आपल्या प्रदेशात जवळजवळ पाचशे वर्षे चालू आहे. तिचा इतिहास पाहिला की एक गोष्ट पुन:पुन्हा समोर येते: जमीन हातातून जाण्याच्या आधी तिचे नाव दुसऱ्याच्या भाषेत लिहिले गेले होते.

चार माणसांची कथा

गोवा बेट पोर्तुगीजांनी १५१० मध्ये जिंकले. त्यानंतर सोळा वर्षांनी, १५२६ मध्ये, महसूल पाहणारा वरिष्ठ अधिकारी आफोंसो मेशिया ह्याने तिसवाडीतील गावांच्या रूढी विचारून घेऊन एक दस्तऐवज तयार केला. 'फोराल' ह्या नावाने तो प्रसिद्ध आहे. सामायिक जमिनीच्या कायदेशीर इतिहासात ह्या कागदाला जे मोल आहे, ते आपल्या प्रदेशातील फार थोड्या कागदांना असेल.

फोरालच्या आरंभी एक कथा येते. फार पूर्वी चार माणसे एका ओसाड बेटावर आली, त्यांनी जमीन लागवडीखाली आणली, वस्ती वाढविली आणि उत्तम व्यवस्था लावली. म्हणून त्यांना गावकार हे नाव मिळाले. पुढे बलाढ्य राजे आले. आपल्या चालीरीती अबाधित राहाव्यात म्हणून गावकारांनी त्यांना ठरावीक कर देण्याचे मान्य केले. कथा खरी किती आणि कल्पित किती, हा वेगळा विषय. तिच्यातला कायदेशीर आशय मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. तिच्यानुसार गाव आधी आणि राजा नंतर. राजाला जे मिळते ते जमिनीचे भाडे नव्हे; स्वस्थपणे नांदू देण्याची ती किंमत आहे.

त्याच फोरालमध्ये गावकारांची सभा, तिचा लेखक म्हणजे कुळकर्णी, पडीक जमीन लागवडीस देण्याची पद्धत, मानपानाचा क्रम अशा गोष्टी नोंदल्या आहेत. तिसवाडीतील आठ प्रमुख गावांची एक मोठी सभा होती. ताळगावच्या गावकारांना भाताची पहिली कापणी करण्याचा मान होता, आणि कणसांचा तो उत्सव आजही त्या गावात होतो. सभेचा निर्णय एकमताने व्हावा असा दंडक होता.

तथापि ह्या कागदाला दोन्ही बाजूंनी धार होती. गावकीचे हक्क त्याने लेखी मान्य केले हे खरे; पण ते आता पोर्तुगालच्या राजाने मान्य केलेले हक्क झाले. जे आपोआप होते ते आता दिलेले ठरले. देणारा उद्या काढूनही घेऊ शकतो, असा अर्थ ह्या कागदातून काढणारे पुढे निघालेच. शिवाय जी व्यवस्था देशी भाषेत बोलली जात होती आणि कानडी वळणाच्या गोयकानडी म्हणजे कंदवी लिपीत लिहिली जात होती, ती आता राज्यकर्त्याच्या भाषेत उतरली. वाद उद्भवला की गावाचे पुस्तक प्रमाण की फोराल प्रमाण, हा प्रश्न तेव्हापासून उभा राहिला.

खाजन, मानस आणि झोण

ही सामायिक मालकी प्रत्यक्षात चालत कशी असे, हे समजल्याशिवाय वादाचे मोल कळणार नाही. मांडवी आणि जुवारी ह्या नद्यांत भरतीचे खारे पाणी खूप आतपर्यंत चढते. ते बांध घालून अडवायचे, बांधाला 'मानस' म्हणजे पाण्याची दारे बसवायची, ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला बाहेरचे आत येऊ द्यायचे नाही. अशा रीतीने कमावलेली जमीन म्हणजे खाजन. गोव्यात अशी खाजने आज सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचे सांगितले जाते. बांध एका जागी फुटला तरी सगळ्यांचे भात बुडते. म्हणून बांध एकट्याचा असूच शकत नाही. येथे सामायिक मालकी हा आदर्शवाद नव्हता; ती खाऱ्या पाण्याने घातलेली अट होती.

गावकरी ही जमीन ठरावीक मुदतीने लिलावाने कसायला देई. आलेल्या उत्पन्नातून आधी राजाचा कर भागवायचा, मग बांधबंदिस्ती, देवालय, गावचे सेवेकरी ह्यांचा खर्च करायचा, आणि जे उरेल ते गावकारांत वाटायचे. ह्या वाट्याला 'झोण' म्हणतात. त्याचा संबंध 'जण' ह्या शब्दाशी, म्हणजे माणशी वाट्याशी, जोडला जातो. देवाच्या आणि गावाच्या सेवेसाठी तोडून दिलेल्या जमिनीला 'नमस' असे नाव होते. गाव चालविण्याच्या ह्या सगळ्या व्यवहाराला मिळून 'गावपण' म्हणत. शहाणपण, मोठेपण ह्या शब्दांच्या पंक्तीला हा शब्द बसवून पाहावा. जमीन ही वस्तू न राहता एक वागणूक होते, असा भाव त्यात आहे.

मूळचे गोमंतकीय असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनी १९४७ मध्ये जुन्या काबिजादींतील ग्रामसंस्थेवर दीर्घ निबंध लिहिला. त्याआधी १९०० मध्ये बेडन-पॉवेल ह्या इंग्रज अभ्यासकाने सोळाव्या शतकातील गोव्याच्या गावांवर लेख लिहिला होता. हिंदुस्थानातील जमीन मुळात कोणाची, ह्या मोठ्या वादात गोव्याचे गाव साक्षीदार म्हणून उभे केले जाई, कारण इतक्या जुन्या काळचा इतका तपशीलवार लेखी पुरावा इतरत्र सहज सापडत नव्हता.

मालकी मोडली कशी

लेखी हक्क असले की ते पाळले जातातच असे नाही. १५४१ मध्ये, तिसवाडीतील देवळे पाडल्यानंतर, देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थेकडे वळविण्यास गावकारांकडून संमती घेण्यात आली. संमतीच्या कागदावर गावकारांची नावे आहेत. देवळे उभी नसताना दिलेली संमती कितपत संमती असते, हे त्या कागदावर लिहिलेले नाही. मालकी हस्तांतरित करण्याची ही पद्धत पुढेही अनेकांनी वापरली. आधी परिस्थिती अशी करायची की नाही म्हणता येऊ नये, आणि मग होकाराचा कागद जपून ठेवायचा.

साष्टीत हे अधिक उघडपणे घडले. कुंकळ्ळी, वेरोडे, असोळणे, वेळ्ळी आणि आंबेली ह्या पाच गावांनी नव्या सत्तेला विरोध केला, कर देण्याचे नाकारले. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले. त्याचा सूड म्हणून वाटाघाटीला बोलाविलेल्या गावच्या प्रमुखांना असोळणेच्या किल्ल्यात ठार करण्यात आले आणि पाचही गावांची सामायिक जमीन काढून घेण्यात आली. असोळणे, वेळ्ळी, आंबेली जेझुइटांकडे गेली. कुंकळ्ळी-वेरोडे एका पोर्तुगीज सरदाराच्या पदरात पडली. पुढे १७५९ मध्ये पोर्तुगालच्या सरकारने जेझुइटांनाच हाकलले. तेव्हा त्यांची जमीन मूळ गावकारांना परत मिळायला हवी होती. ती सरकारजमा झाली. सामायिक जमीन एकदा गावाच्या हातून सुटली की मधला धनी गेल्यावर ती गावाकडे न येता सरकारकडे जाते, हा अनुभव येथे प्रथम आला. शेवटचा मात्र नव्हे.

भाषेच्या आघाडीवर १६८४ चे फर्मान आहे. त्यान्वये देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे, असा हुकूम काढण्यात आला. असला हुकूम घराघरांत लागू होत नसतो, आणि तो झालाही नाही. परंतु दफ्तर ही अशी जागा आहे की तेथे हुकूम लागू होतो. गावकीच्या जुन्या पोथ्या वाचू शकणारी माणसे पिढीगणिक कमी होत गेली, आणि आपल्याच जमिनीचा पुरावा गावकाराला परका झाला.

राजाची की गावाची?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडे आणि दक्षिणेकडील महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. ह्या 'नव्या काबिजादीं'त पूर्वीचे रीतिरिवाज पाळण्याचे अभिवचन देण्यात आले होते, आणि तेथील दफ्तर मोडी मराठीत होते. तेथील चालीरीतींची संहिता पुढे पोर्तुगीज आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. ते काम फिलिप नेरी शावियेर ह्या गोमंतकीय अभ्यासकाने केले. आपला कायदा आपल्या भाषेत छापून मिळणे ही एकोणिसाव्या शतकात शक्य असलेली गोष्ट होती, हे आजच्या अधिकाऱ्यांना सांगण्यासारखे आहे.

ह्याच शावियेर ह्यांनी १८५२ मध्ये ग्रामसंस्थांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्या काळी एक मोठा वाद पेटला होता. एका पक्षाचे म्हणणे असे: आदिलशहा जमिनीचा धनी होता, पोर्तुगालचा राजा त्याच्या जागी आला, म्हणून अंतिम स्वामित्व राजाचे, गावकरी म्हणजे कायमचा भाडेकरू, तो देतो ते 'फोर' म्हणजे भूभाडे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे: गाव राजाच्या आधीचे, जमीन गावाने कमावलेली, दिला जातो तो कर. गोव्याच्या सरकारचे सचिव असलेले कुन्य रिवार ह्यांनी १८७० मध्ये गावकीच्या बाजूने पुस्तक लिहिले. ते स्वतः पोर्तुगीज होते, सरकारी अधिकारी होते, आणि तरीही त्यांनी सरकारच्या मालकीचा दावा उचलून धरला नाही. ह्याच गृहस्थांनी १८५८ मध्ये कोकणी भाषेच्या इतिहासावरही निबंध लिहिला होता. ज्याला लोकांची भाषा समजून घ्यावीशी वाटली, त्यालाच लोकांचा जमिनीवरील हक्क दिसला, हा आम्हांला केवळ योगायोग वाटत नाही.

वादाचा निकाल अर्धामुर्धा लागला. १९०४ मध्ये कोमुनिदादींची संहिता आली, नंतर तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या, आणि शेवटची १९६१ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या जेमतेम आठ महिने आधी. तीच संहिता दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. तिच्यात कोमुनिदाद ही मालमत्ता धारण करणारी स्वतंत्र संस्था म्हणून मान्य आहे. पण ती सरकारच्या प्रशासकीय पालकत्वाखाली आहे. मालक आहे, परंतु अज्ञान बालकासारखा! गोव्यात आज २२३ कोमुनिदादी आहेत. त्यांची जमीन रस्त्यासाठी वा उद्योगासाठी हवी असेल तर सरकारला रीतसर संपादन करून मोबदला द्यावा लागतो. स्वतःच्याच जमिनीचा मोबदला कोणी देत नसते. तेव्हा मालकीचा प्रश्न ह्या एका गोष्टीत सुटला आहे, असे आम्ही मानतो. पालकत्वाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही.

गावात राहून गावाबाहेर

गावकीचे गोडवे गाताना एक बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याला आपण सामायिक म्हणतो ती सगळ्यांची नव्हती. गावकारांच्या लेकींना वाटा नव्हता. बांध घालणारे, खाजनात गुडघाभर चिखलात राबणारे कुळवाडी आणि मजूर, गावकाराच्या वा भाटकाराच्या जागेत झोपडी बांधून राहणारा मुंडकार, ह्यांचा सभेत शब्द नव्हता. एकोणिसाव्या शतकात वाटे विकत घेतले जाऊ लागले, आणि गावाशी काडीचा संबंध नसलेला भागधारकही झोण घेऊ लागला. घाम एकाचा आणि लाभांश दुसऱ्याचा, अशी स्थिती आली.

म्हणून मुक्तीनंतर कायदे झाले ते अकारण नव्हे. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा, आणि १९७६ मध्ये कूळ कायद्याला झालेली पाचवी दुरुस्ती ह्यांनी कसणाऱ्याला आणि राहणाऱ्याला हक्क दिले. ह्यात न्याय होता. पण कूळ स्वतंत्र मालक झाले आणि बांध कोणाचाच राहिला नाही. ज्या जमिनीला एक बांध होता तिला शंभर मालक मिळाले, आणि मानस कोणी बदलायचे ह्याचे उत्तर हरवले. अनेक खाजने खाऱ्या पाण्याखाली गेली. २०२५ मध्ये गोवा विधानसभेने कोमुनिदादीच्या जमिनीवरील जुनी अनधिकृत घरे नियमित करण्यासाठी संहितेत दुरुस्ती मान्य केली, तेव्हा हाच जुना पेच नव्याने उभा राहिला: घरात राहणारा गावकरी की नाही? आणि तो गावकरी असेल, तर मूळ गावकाराने काय करावे? 'गावकरी' ह्या शब्दाचे देशावरचे आणि गोमंतकातले दोन अर्थ येथे समोरासमोर उभे आहेत.

घाटावरचे दोन रकाने

आता घाट चढून वर येऊ. देशावरही गावाची सामायिक जमीन होती. पांढरी म्हणजे वस्ती आणि काळी म्हणजे शेती; ह्या दोहोंखेरीज कुरण, स्मशान, तळे, गावओढा, देवराई. मिरासदाराचे घराणे नष्ट झाले की त्याची जमीन 'गतकूळ' होई आणि तिची विल्हेवाट गावामार्फत लागे. शिवेचा तंटा झाला तर गोतसभा बसे, साक्षी होत, कधी दिव्य केले जाई, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. वि. त्र्यं. गुणे ह्यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर १९५३ मध्ये जो ग्रंथ लिहिला त्यात ह्या पद्धतीचे सविस्तर विवेचन आहे. हेच गुणे पुढे गोव्याच्या पुराभिलेखागाराचे संचालक झाले. दोन्ही दफ्तरे पाहिलेला हा विद्वान.

मग इंग्रजांची पाहणी आली. १८३५ च्या सुमारास इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनी रयतवारीची जी पद्धत बसविली, ती पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली. बेळगाव आणि धारवाडही त्यात आले. तिच्या कागदाला मुख्यतः दोनच रकाने होते. एका बाजूला सारा भरणारा खातेदार, दुसऱ्या बाजूला सरकार. खातेदाराच्या नावावर नाही ती जमीन सरकारची. गाव हा तिसरा धनी त्या नमुन्यात मावत नव्हता, म्हणून तो गळाला.

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने ह्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच्या कलम ३७ प्रमाणे रस्ते, नाले, तळी आणि दुसऱ्या कोणाच्या मालकीची नसलेली सर्व जमीन सरकारची. ह्या कलमात एक अपवाद मात्र होता. मालमत्ता धारण करण्यास कायद्याने पात्र अशा व्यक्तींची वा व्यक्तिसमूहांची जमीन त्यातून वगळलेली होती. म्हणजे समूहाला मालक होण्यास कायद्याची ना नव्हती. समूहाने आपली पात्रता सिद्ध करावी एवढीच अट होती. गोव्याच्या गावाकडे ती सिद्ध करणारा १५२६ पासूनचा कागद होता. देशावरच्या गावाकडे महजर होते, पण ते मोडीत, कोणाच्या तरी माळ्यावर, बासनात बांधलेले. दावा केला तर जिल्हाधिकाऱ्याने चौकशी करावी, आणि निर्णय विरुद्ध गेला तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावावा, अशी तरतूद होती. ज्या गावाला नोटीस वाचताच आली नाही, त्याचे वर्ष केव्हा सुरू झाले आणि केव्हा संपले हे त्याला कोण सांगणार?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख म्हैसूर राज्यात घातला गेला. तेथे १९६४ चा कर्नाटक जमीन महसूल कायदा आला, तर महाराष्ट्रात १९६६ ची संहिता. दोहोंचा सांगाडा १८७९ चाच आहे: मालकी राज्याची, आणि गुरचराईसाठी जमीन राखून ठेवण्याची मुभा. म्हणजे गाय चरते ती सरकारच्या परवानगीने. म्हैसूरकडचा शब्द 'गोमाळ'. त्यातला 'माळ' आपल्या माळरानातलाच. उत्तर कर्नाटकातील कानडी शेतकरी मात्र अजून 'गायराण' म्हणतो आणि जमिनीच्या कागदाला 'उतार' म्हणतो. राज्याची सीमा बदलली, दफ्तराची लिपी बदलली, पण गायरान आणि उतारा हे शब्द दोन्ही भाषांच्या शेतकऱ्यांच्या तोंडी राहिले. जमिनीच्या बाबतीत मराठी आणि कानडी शेतकऱ्याचे दुखणे एकच आहे, ह्याची ह्याहून सरळ साक्ष कोणती?

कबुलायतदार

ह्या दोन्ही परंपरा जेथे मिळतात ती जागा म्हणजे आंबोलीचा घाटमाथा. आंबोली, चौकुळ आणि गेळे ही सावंतवाडी संस्थानातील गावे. गावकरांनी दरबाराला सारा भरण्याची लेखी हमी द्यायची, तिला कबुलायत म्हणत. आणि गावची जमीन त्यांनी आपसांतल्या रिवाजाने वापरायची. नाव एकाचे वा दोघांचे नव्हे, 'कबुलायतदार गावकर' ह्या समूहाचे. संस्थान विलीन झाले, संहिता बदलली, तरी नोंद राहिली. गेल्या शतकाच्या अखेरीस मात्र ती खोडून तेथे 'महाराष्ट्र शासन' असे लिहिले गेले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ती जमीन राखली, ते एका फेरफाराने तिच्यावरचे परके झाले. पुढे अनेक वर्षे निवेदने, उपोषणे, बैठका झाल्या, आणि शेवटी जमीन माणशी वाटून देण्याचे ठरत गेले. वाटपाने हक्क परत मिळतो हे खरे. पण 'गावकर' हा समूह मालक असू शकतो ही कल्पना त्या वाटपातही परत येत नाही. पुन्हा तेच दोन रकाने: एक खातेदार, एक सरकार.

कागद आणि भाषा

२८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्यासाठी सर्व राज्यांना योजना आखण्यास सांगितले, आणि ह्या जमिनी अनादि काळापासून गावाच्या उपयोगाच्या आहेत हे मान्य केले. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र शासनाने गायरानांबाबत निर्णय काढला. हे स्वागतार्हच आहे. परंतु अतिक्रमण हटविणे ही एक गोष्ट आणि जमीन गावाची म्हणणे ही दुसरी. गरीब कुटुंबाची झोपडी हलवून तेथे उद्या सरकारने प्रकल्प आणला, तर गावाला विचारण्याचे बंधन कोणत्या कागदाने येणार?

इतिहासातून एक धडा आम्ही घेतो. गोमंतकातील गाव टिकले ते पवित्र होते म्हणून नव्हे. त्याच्या अंगी अन्यायही पुष्कळ होता. ते टिकले, कारण त्याच्याकडे सभेचे पुस्तक होते, आणि ते पुस्तक वाचणारी माणसे, पांडुरंग पिसुर्लेकरांसारखे संशोधक, वेळोवेळी निपजत राहिले. देशावरच्या गावाने पुस्तक गमावले आणि त्याबरोबर धनीपणही. गावाने पुन्हा धनी व्हायचे असेल तर दोन अटी पाळाव्या लागतील. 'गावकरी' ह्या शब्दाचा देशावरचा विशाल अर्थ घ्यावा लागेल, ज्यात लेक, कूळ, मजूर, सगळे आले. आणि गोमंतकातली शिस्त घ्यावी लागेल, ज्यात सभेचा प्रत्येक ठराव लिहिला गेला.

भाषिक अल्पसंख्याकांची संख्या तालुक्यात पंधरा टक्क्यांहून अधिक असेल, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत मिळाव्यात, हे १९५६ पासून देशाने मान्य केलेले तत्त्व आहे. आम्ही मराठीतून कागद मागतो तेव्हा आम्हांला हट्टी म्हटले जाते. ज्या नोटिशीपासून एक वर्षाची मुदत सुरू होते ती वाचता आली पाहिजे, एवढाच आमचा हट्ट. आणि हाच हट्ट उद्या महाराष्ट्रातील कानडी वा तेलुगू बोलणाऱ्या गावाने धरला, तर आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू.

तोवर ज्याच्या घरी जुने बासन असेल त्याने ते सोडून पाहावे. आकारबंद, फेरफार, टिपण, महजर, मोडीतले एखादे कबुलायतपत्र. त्याची छायाचित्रे काढावीत, मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावीत आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचावीत. गायरान कोणाचे, ह्याचे उत्तर कदाचित आपल्याच माळ्यावर, वाळवीची वाट पाहत पडलेले असेल.